तिसरा एप्रन

लागोपाठ दुसऱ्या रविवारी आर्जाने एप्रनची गाठ रागाने आवळली, आणि तो राग सगळ्यांना दिसत होता.

शिकारी टोळीचा नियम जुना. ज्याच्या समोरून रानडुक्कर निसटेल, त्याने शिकारीनंतरच्या जेवणाला तो ढगळ निळा एप्रन बांधायचा, मक्याच्या पिठाचा घट्ट पोलेंता ढवळायचा, सगळ्यांना वाढायचा आणि निमूट टोमणे खायचे. एका हंगामात तीनदा एप्रन चढला की शिकारीला उभं राहण्याची जागा गेली. आर्जाची जागा ओढ्याकाठच्या दोन बुचाच्या झाडांमधली, साऱ्या टेकडीवरची मानाची. तिच्याआधी तिथे तिचा बाप उभा राहायचा. सेत्तिमिओ वीस वर्षं टोळीचा म्होरक्या होता, आणि नियमही त्यानेच घातलेला.

"बाईमाणसाला एप्रन ही कसली शिक्षा?" टोळीतल्या इवोने ताट पुढे केलं. "आम्हाला लाज वाटते. तुझं तर रोजचंच!"

"रोजचंच आहे, म्हणून तर हातातला डाव कुठे हाणायचा ते मला नीट ठाऊक आहे," आर्जा म्हणाली.

हशा झाला, पण इवो सोडणारा नव्हता. "मग डुक्कर का सुटलं?"

"पहिल्या गोळीची रिकामी पुंगळी आत अडकली. दुसरी गोळी चढलीच नाही."

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

म्होरक्या वास्को मात्र हसला नाही. "आर्जा, पुढच्या रविवारी रायफल चालली पाहिजे. नाही तर जागा सोडावी लागेल. माझा इलाज नाही, नियम तुझ्याच बाब्बोचा आहे."

बाईमाणूस! आर्जा छप्पन्न वर्षांची होती आणि गावच्या तेलघाण्यातली सगळी यंत्रं एकटी सांभाळायची. ऑलिव्हच्या ऐन हंगामात घाणा रुसला तर हेच पुरुष टोप्या हातात घेऊन तिच्या दारात उभे राहत. तिच्या हाताखालचं यंत्र आजवर हट्टाला पेटून राहिलं नव्हतं, आणि एका रायफलीपुढे हार मानायला ती काही तयार नव्हती.

सोमवारी तिने रायफल स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली. तेल जास्त झालं असेल म्हणून सगळं कोरडं पुसलं. नळीखालचं, स्फोटाचा वायू मागे नेणारं बारीक भोक तारेने साफ केलं. पुंगळीची कड धरून तिला बाहेर ओढणारा आकडा नखाने उचलून पाहिला. त्याची स्प्रिंग ठणठणीत होती. मंगळवारी दुसऱ्या खोक्यातली काडतुसं घेऊन ती नेमबाजीच्या मैदानावर गेली. तीन गोळ्या मजेत सुटल्या, चौथीची पुंगळी पुन्हा अडकली.

घाण्यात ती नेहमी म्हणायची, यंत्राला विचारू नका, त्यातून जे बाहेर पडतं त्याला विचारा. तिने ती पुंगळी उपसून काढली आणि चष्मा लावून निरखली. आकड्याने कड पार ओरबाडली होती. म्हणजे आकडा बिचारा जीव तोडून ओढत होता, पुंगळीच जागा सोडत नव्हती. अंगावरही बारीक चरे होते.

तिने आत बॅटरी मारली. नळी आरशासारखी लखलखत होती. पण नळीच्या मागच्या टोकाला, जिथे काडतूस बसतं, तिथे तपकिरी, खरखरीत कडं जमलं होतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

आणि ही घाण तिथे कशी आली, तेही तिला कळलं.

रायफल साफ करायचा तिचा बाप. चौऱ्याऐंशी वर्षांच्या सेत्तिमिओचे गुडघे गेले होते, शिकार सुटली होती. उरलं होतं एवढं एकच काम. दर शनिवारी तो रायफल मांडीवर घ्यायचा, गजाला चिंधी लावायचा आणि नळीच्या तोंडातून आत ढकलायचा. जन्मभर त्याने दुनळी अशीच पुसली होती. ती मागून उघडायची, घाण बाहेर पडायची. ही मागून बंद. ढकललेली सगळी घाण काडतुसाच्या जागेवर येऊन थांबायची. मग तो नळी खिडकीकडे धरून म्हणायचा, "बघ पोरी, आरसा!"

हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? आर्जाने सांगितलंच नाही. कॉफीचं मोका भांडं घासायचा छोटा ब्रश तिने वाकवला आणि शुक्रवारी घासून घासून ती जागा चकचकीत केली. शनिवारी बाप पुन्हा नळी पुसत बसला. "आरसा!" तो म्हणाला.

"आरसाच, बाब्बो," ती म्हणाली. रविवारी सकाळी तिने गुपचूप पुन्हा ब्रश फिरवला आणि तो ऑलिव्हच्या बरणीमागे लपवला.

त्या दिवशी कुत्र्यांनी दोन डुकरं थेट ओढ्यात उतरवली. आर्जाने नेम धरला. पहिली गोळी सुटली, पुंगळी उजवीकडे उडून दगडावर टणकन वाजली. दुसरी गोळी आपसूक चढली, सुटली, पुन्हा टणकन. दोन्ही डुकरं जागेवर पडली. आर्जाची छाती अभिमानाने भरून आली. बापाची जागा तिने राखली होती.

जेवणाला सगळे जमले. सेत्तिमिओलाही गाडीतून आणलं होतं. इवोचं डुक्कर निसटलं होतं. तो तोंड वाकडं करत एप्रनकडे निघाला.

"थांब," सेत्तिमिओ म्हणाला. "आधी माझी पाळी. मला दोन रविवार उशीर झालाय."

त्याने खिशातून मोकाचा ब्रश काढला. वाकलेला, काळा, बंदुकीच्या दारूचा वास मारणारा. "सकाळी कॉफी करायला गेलो, तर हा बरणीमागे सापडला. हुंगला आणि सगळं कळलं. नळी मी पुसत होतो आणि घाण पोरीच्या वाट्याला ढकलत होतो. दोन्ही एप्रन माझे होते. हिने मुकाट बांधले."

"बाब्बो, तसं नाही..."

"गप. म्होरक्या बोलतोय."

वास्कोने एप्रन काढून त्याच्यापुढे धरला. सेत्तिमिओने एप्रन गळ्यात अडकवला. मागची गाठ त्याला मारता येईना, ती आर्जाने मारली. या वेळी तिने ती रागाने नाही, हळुवार आवळली. असा बाप साऱ्या खोऱ्यात कुणाला नव्हता.

तो पातेल्याशी खुर्ची ओढून बसला आणि पोलेंता ढवळून वाढू लागला. सगळे अदबीने ताटं पुढे करत गेले. इवोने तर वर आभारही मानले.

"टोमणे कुठे गेले?" म्हातारा गरजला. "नियम तो नियम! का मी मेलोय?"

तेव्हा आर्जाने आपलं ताट पुढे केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "पोलेंत्यात गाठी राहिल्यात, म्होरक्या. आरसा नंतर बघा, आधी पातेल्याचा तळ घासा!"

सेत्तिमिओ इतका हसला, इतका हसला, की त्याच्या हातातून डाव पडला.