टॅबिथाचा उतार

रोवेनाला एकाच गोष्टीची तिडीक होती: न विचारता खुर्चीला हात लावणाऱ्यांची. अपघाताला सहा वर्षं झाली, चाकाची खुर्ची अंगवळणी पडली, पण दुकानात, स्टेशनात, चर्चच्या दारात कुणीतरी भलं माणूस मागून येणार, खुर्चीच्या मुठी धरणार आणि "चला हं" म्हणत तिला लोटणार, जशी काही ती बटाट्यांची पाटीच. या भल्या माणसांना तिने जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या तिला उडवणाऱ्या लॉरीवाल्यालाही घातल्या नव्हत्या.

कुणाला ढकलू न देणारी म्हणूनच तर पेनरिडिंग इस्टेटीने वाट तपासायला तिला बोलावलं. हवेलीपासून तळ्यापर्यंत खुर्च्यांसाठी वाट बांधली होती, पण शेवटच्या उतारावर येणारी प्रत्येक खुर्ची अडत होती. तीनदा खडी बदलून झाली. आज रोवेनाने उतरून दाखवलं तर वाट राहणार, नाहीतर उद्या सकाळी दोरी बांधून कायमची बंद. शिवाय तिचं स्वतःचंही त्या तळ्याशी नातं होतं. लहानपणी बाबा तिला तिथल्या लाकडी धक्क्यावर बसवून अंड्याचं सँडविच भरवायचे. अपघातानंतर दरवर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी जाऊ गं पाण्यापर्यंत." वाट झाली, आणि या मार्चमध्ये बाबाच गेले.

फाटकाजवळच्या खोपटात ओळखीचा म्हातारा रखवालदार क्लेम बसला होता. छातीवर बिल्ला: 'विचारल्याशिवाय ढकलणार नाही.' पुढ्यात वही. जाताना आणि येताना प्रत्येकाने लिहायचं, एकटे की सोबत.

"चहा घेतेस, पोरी? का आधी हसं करून घेऊन येतेस?"

"क्लेम, तुम्ही इथे स्वागताला बसलाय की अपशकुनाला?"

"खडी बदलून काय कप्पाळ होणार! दोष खडीचा नाहीच. ती टॅबिथा आहे."

"ही कोण आणखी?"

"मालकाच्या पांगळ्या लेकीची दासी. माझ्या आजीच्या आजीने पाहिलेली. तेव्हा इथला कायदा होता, मालक दिसले की नोकराने हातातलं सोडायचं, वाटेबाहेर व्हायचं आणि झाडाकडे तोंड करायचं. घोड्यांच्या टापांचा आवाज विरेपर्यंत वळायचं नाही. नोकराचं तोंड मालकांना दिसता कामा नये ना! एक दिवस मालक पाहुण्यांना घेऊन उताराच्या माथ्यावरून रानाकडे गेले. टॅबिथाने लेकीची खुर्ची सोडली आणि ओकच्या झाडाकडे तोंड केलं. मागे चाकांचा आवाज झाला. तिने ऐकला, पण वळली नाही."

रोवेनाचा हात आपल्या खुर्चीच्या ब्रेकवर गेला.

"आठवड्याने तिलाही त्याच तळ्यातून काढली," क्लेम म्हणाला. "बरं, चारला घंटा होते. त्याच्या आत ये."

ती निघाली. ऑक्टोबरचं फिकट ऊन, गवतात हरणांचा कळप. खुर्ची जवळ आली तशी हरणांनी माना वर केल्या. पण हरणं रोवेनाकडे बघत नव्हती. सगळीच्या सगळी तिच्या पाठीमागे बघत होती. रोवेनाने गर्रकन मान वळवली. मागे वाट तेवढी होती.

माथ्यावर ओकपाशी खुर्ची थांबली. ब्रेक मोकळा होता. तिने जोर केला तर चाकं जागच्या जागी खडी उकरायला लागली. ओल्या लोकरीचा वास आला. पाठीमागे मुठींवरचं रबर करकरलं, कुणीतरी पकड घट्ट करावी तसं.

भीतीच्या आधी तिला रागच आला. इतक्या वर्षांची सवय!

"सोडा! विचारलंत का मला?"

पकड आणखी आवळली. मानेवर गार श्वास लागत होता, भरभर, रडणाऱ्या माणसाचा असतो तसा. आणि तो ऐकता ऐकता रोवेनाला कळलं की हे हात तिला अडवत नाहीयेत. ते सोडायला घाबरताहेत.

"टॅबिथा," ती म्हणाली. आवाज कापत होता. "माझ्या खुर्चीला ब्रेक आहे. हा बघ." तिने खटका लावला, काढला, पुन्हा लावला. "कुणी मालक येणार नाही आता. तुझी चूक नव्हती गं, मेल्या त्या कायद्याची होती. पण खुर्ची माझी आहे. सोड बाई."

एकेक बोट सुटत गेलं. तिने खटका काढला.

रोवेना उतरली. हाताने वेग आवरत, जीव मुठीत धरून, पण उतरली. धक्क्यावर बसून तिने अंड्याचं सँडविच खाल्लं आणि मनसोक्त रडली. "आले बघा, बाबा," ती पाण्याला म्हणाली.

घंटा झाली तेव्हा ती चढाच्या निम्म्यावर होती आणि दंड भरून आले होते. तिने ब्रेक लावायला हात काढला, तेवढ्यात दुसऱ्या हाताचा ओला हातमोजा चाकावरून निसटला. खुर्ची मागे घसरली. हातभर, मग दोन हात. खाली तळं. मघाशी आपणच सोड म्हणालो, हे तिला आठवलं आणि अंगावर सरसरून काटा आला.

मुठीवर दोनदा टकटक झाली.

"ढकलू का, बाईसाहेब?"

आवाज पाण्याखालून यावा तसा होता. खुर्ची घसरतच होती, मुठी कुणी धरल्या नव्हत्या. ते हात वाट बघत होते. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला कुणीतरी विचारलं होतं.

"हो," रोवेना म्हणाली. "ढकल गं."

खोपटापाशी तिने वही ओढली आणि लिहिलं: जाताना एकटी. येताना सोबत.

क्लेमने ते वाचलं. खुर्चीच्या मुठींवरून ठिबकणारं पाणी पाहिलं. मग उद्यासाठी काढलेली दोरी गुंडाळून परत फळीवर ठेवली.