दोन कानांचा पेला

“बोटं लबाड असतात गं. भट्टीत ठेवण्याआधी भांडं गालाला लाव. गार लागलं, तर त्याच्या पोटात अजून पाणी आहे असं समज.”

सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली, तरी चाकापाशी बसलं की धाकट्या सुनेला हे ऐकू यायचंच. नेमकं या वेळी तिने ऐकलं नाही. घाईघाईत पेला बोटांनी चाचपला, कोरडा वाटला, ठेवला भट्टीत. आज झाकण उघडलं तर आत नुसत्या ठिकऱ्या.

कोरडा वाटला म्हणजे काय, तर काहीच वाटलं नव्हतं. औषधांनी तिचा आजार गेला, पण जाताना बोटांच्या टोकांची जाणीव घेऊन गेला. चार महिने तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. देवापुढे हात जोडले की एका हाताची बोटं दुसऱ्याला लागत नसत. नमस्कार पोचत असेल का, हीच धास्ती.

सासऱ्यांचे हात थरथरायचे. सासूबाईंनी त्यांच्यासाठी रुंद बुडाचा, पातळ काठाचा, दोन कानांचा पेला घडवला होता. “माझ्यामागे तो फुटला तर तू करून द्यायचास. त्यांना कुणी भरवलेलं खपत नाही,” म्हणून धाकटीकडून शब्दही घेतला होता. सासूबाईंचा तो पेला फुटून तीन आठवडे झाले. ग्लास हातातून निसटतो, आणि चमचा पुढे केला की म्हातारा ओठ मिटून घेतो. कमी होत होत आता दिवसाकाठी जेमतेम चार घोट. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली होती.

“विकत आण ना एखादा,” नवरा म्हणाला.

“दोन कानांचे फक्त बाळांचे मिळतात. वर बदक असतं.”

“मग बदकातून पाजू. रागावून तरी बोलतील.”

हसलं कुणीच नाही.

ती पुन्हा चाकावर बसली. पहिला पेला बोटांखाली कधी फाटला, तिला कळलंच नाही. दुसराही तसाच. तिसरा उभा राहिला, पण जाड की पातळ, देव जाणे. तो फळीसकट उचलून ती सासऱ्यांच्या खाटेपाशी गेली आणि खाली बसली.

“बाबा, माझ्या बोटांना काही कळत नाही हो. चार महिने झाले.”

थरथरत्या हाताने ओला पेला त्यांनी जवळ ओढला, खालचा ओठ काठाला लावला. ओठाला माती लागली.

“जाड,” ते म्हणाले. आठ दिवसांतला पहिला शब्द.

“किती पातळ करू?”

त्यांनी तिचा हात उलटा केला आणि मनगटाच्या आतल्या बाजूची कातडी चिमटीत धरली. “एवढा. लागतंय?”

“लागतंय.”

“मग झालं.” दमून त्यांनी डोळे मिटले. पाणी विचारलं तर ओठ पुन्हा घट्ट.

पेला वाळायला आठ दिवस, मग भट्टी. तोवर हेच चार घोट, तेही घेतले तर. तिने पेला मोडून त्याची माती गोळ्यात मिसळली, मळली, चाकावर बसवली. मनगट अजून चुरचुरत होतं. तिने ते पाण्यात बुडवलं, बोटांऐवजी मातीला टेकवलं आणि हलकेच चाक फिरवलं.