गरम आंघोळी धरून

आमच्या घरातली गॅसची टाकी कधी संपणार हे दोघांनाच कळतं, असं आम्ही मानत आलो आहोत. टाकीला आणि माझ्या सासऱ्यांना. टाकी काही बोलत नाही, त्यामुळे सगळा मान अण्णांना मिळतो.

ही टाकी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर, छपराखाली, भिंतीला साखळीने बांधून उभी असते. तिच्यावर शेगडी चालते, बाथरूममधला गीझर चालतो आणि थंडी पडली की पुढच्या खोलीतला हीटरही. डेपोची गाडी फक्त मंगळवारी येते आणि तिला सोमवारी दुपारच्या आत फोन करावा लागतो. तो चुकला की पुढचा आठवडा टाकीच्या मर्जीवर. म्हणून दर सोमवारी सकाळी, मी कामावर निघण्याआधी, अण्णांना विचारायचं की उद्या मागवायची का.

अण्णा शिंपी. चौकात त्यांचं दुकान होतं आणि आजूबाजूचे लोक त्यांना अजूनही मास्तर म्हणतात. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत किती कापड लागेल ते त्यांच्या तोंडून बाहेर पडलेलं असायचं, आणि शिवणीला दोन बोटं माया सोडूनही कापड उरायचं. मग हात थरथरायला लागला, सुईत दोरा जाईना, आणि त्यांनी दुकान बंद केलं. तेव्हापासून घरात त्यांना विचारावं असं काही राहिलं नाही. जेवायला काय करायचं ते सासूबाई ठरवतात, बाहेरचं सगळं माझा नवरा बघतो, आणि सासूबाईंना न पटलेलं मी ठरवते. उरली टाकी.

पण तिचं विचारलं की काय थाट. आधी गळ्यात टेप येणार. दुकान गेलं तरी टेप गेलेली नाही. मग टाकीवर वरून खालपर्यंत बोटांच्या पेरांनी टकटक. मग तांब्यातून कोमट पाणी टाकीच्या अंगावर सोडायचं आणि तळहात फिरवत न्यायचा. जिथे हाताला एकदम गार लागलं, तिथपर्यंत गॅस. त्या जागी शिंप्याच्या निळ्या खडूने रेघ. अंगभर रेघा मारलेली आमची टाकी कापायला घेतलेल्या कोटासारखी दिसते. मग अण्णा टेप लावतात, छताकडे बघतात आणि गॅस संपण्याचा वार सांगतात. तो वार आजवर चुकला नव्हता.

मी पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोक येऊन सांगतात, बाई, यात काहीच नाही, हलकं आहे. आणि काटा वेगळंच सांगतो. त्यामुळे माणसाच्या अंदाजावर माझा विश्वास कधीच उडाला आहे, अगदी सासऱ्यांच्यासुद्धा. पण नवी नवरी असताना एकदा तसं बोलून पाहिलं तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

त्या सोमवारी गारठा जबरदस्त होता. आदल्याच दिवशी आम्ही हीटर पहिल्यांदा चालू केला होता. अण्णांनी टकटक केली, पाणी सोडलं, रेघ मारली आणि म्हणाले, "उद्या नको. पुढच्या मंगळवारपर्यंत आरामात जाईल."

मला पटेना. मी सुचवलं की असू दे, मागवून ठेवू. सासूबाई चहा गाळत होत्या, त्यांनी वर न बघता सांगितलं की त्यांनी वार दिलाय ना, मग झालं. मी गप्प बसले. गप्प बसणं मला झेपत नाही, म्हणून संध्याकाळी अण्णा फिरायला गेल्यावर घरातला वजनकाटा मागच्या दारी नेला आणि टाकी कशीबशी त्याच्यावर चढवली. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या गळ्याशी कोरलेलं असतंच. ते वजा केलं, हीटरचा खर्च धरला, आणि हिशोब शुक्रवारवर येऊन थांबला.

म्हणजे अण्णा हीटर धरायला विसरले होते.

डेपोचा फोन केव्हाच बंद झाला होता. मी तिथेच काट्याशेजारी उभी राहिले आणि मला शुक्रवार डोळ्यांसमोर दिसला. शेगडी विझलेली, अण्णा टेप गळ्यात घालून दारात उभे, आणि आम्ही सगळे त्यांची समजूत घालतोय की होतं असं कधीकधी. त्यानंतर सोमवारी त्यांना कोण विचारणार? मीच वजन करून मोकळी होणार. मला बरोबर ठरायची भारी हौस, पण या वेळी मला चुकायचं होतं. मनापासून.

गॅस वाचवायचं मी ठरवलं. कोणाला सांगायचं नाही हेही ठरवलं. सांगितलं असतं तर घरभर कुजबुज झाली असती आणि अण्णांचे कान शाबूत आहेत. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळचा चहा घरी घेणं बंद केलं, डबा पोस्टातल्या विजेच्या शेगडीवर गरम करायला लागले, आणि हीटरजवळून जाताना त्याचा कान पिळून तो बंद करायला लागले. गंमत म्हणजे बऱ्याचदा तो आधीच बंद असायचा. मला वाटलं, बरंय, नशीब साथ देतंय.

त्या आठवड्यात घरातले सगळेच जरा विचित्र वागत होते. माझा नवरा बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. तो सकाळी पारोसाच निघायचा आणि संध्याकाळी तिथल्या हिरव्या साबणाचा वास मारत यायचा. सासूबाईंना अचानक जुनी गोधडी आठवली. सकाळी पातेल्याला एक उकळी द्यायची आणि ते गोधडीत गुंडाळून पलंगावर ठेवून द्यायचं, अशाने जेवणाला चव येते म्हणे. दुपारी झोपायला गेलेले अण्णा एकदा त्या पातेल्याला पाय लागून दचकले. आणि खुद्द अण्णा रोज टाकीची रेघ बघायला जायचे ते जाईनासे झाले. कंबर धरली आहे म्हणाले. पण हीटरची आठवणही त्यांनी एकदा काढली नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

शनिवारी शेजारचे घड्याळवाले गप्पा मारायला आले. आम्ही चौघं पुढच्या खोलीत कोट घालून बसलो होतो. हीटर बिघडलाय का, असं त्यांनी विचारलं, तर चौघांनी एका दमात चार कारणं दिली. माझ्या नवऱ्याच्या मते हवा कोरडी होते, सासूबाईंच्या मते डोकं दुखतं, मी म्हटलं आत्ताच बंद केला, आणि अण्णा म्हणाले, "छे, उकडत होतं." घड्याळवाल्यांनी कानटोपी कानांवर ओढली, अर्धा कप चहा संपवला आणि काम आठवून निघून गेले. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

शुक्रवार तर निघून गेला होताच. रविवारही गेला. सोमवारी मी डेपोला फोन केला तेव्हा माझ्या आवाजात विजय होता. अण्णांचा वार खरा ठरणार होता.

मंगळवारी मी मुद्दाम उशिरा जाणार म्हणून कळवलं होतं. गाडी आली. डेपोवाला आडदांड गडी, खांद्यावर भरलेली टाकी पिशवीसारखी आणतो. नवी खाली ठेवून त्याने जुनीची साखळी सोडली, एका हाताने उचलायला गेला आणि थांबला. दोन्ही हातांनी हलवून बघितली.

"मास्तर, ही कुठे रिकामी आहे? अजून तीन-चार दिवस सहज निघतील हिच्यात." मग त्याने निरागसपणे विचारलं, "गावाला गेला होता का सगळे?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. वाचवता वाचवता मी अण्णांचा अंदाज पार दुसऱ्या बाजूने पाडला होता. पण मी एकटीने एवढं वाचवणं शक्यच नव्हतं. मी नवऱ्याकडे बघितलं, तो छपराकडे बघत होता. सासूबाई पदराने कोरडेच हात पुसत होत्या. आणि अण्णांचा चेहरा लाल झाला होता.

"मी गार पाण्याने आंघोळ करत होतो," अण्णा म्हणाले. "रोज. आणि तुमची पाठ वळली की हीटर बंद करत होतो."

मग काय, सगळ्यांचीच तोंडं उघडली. हीटर धरायचा राहिलाय हे ज्याचं त्याला कळलं होतं, आणि जो तो गुपचूप गॅस वाचवत होता. नवऱ्याने वर्कशॉपमधल्या आंघोळी कबूल केल्या. सासूबाईंनी गोधडी कबूल केली, वर हेही सांगितलं की दोनदा त्या घड्याळवाल्यांच्या बायकोकडे जाऊन बटाटे उकडून आल्या होत्या. मी वजनकाटा कबूल केला. डेपोवाला टाकीवर कोपर टेकवून ऐकत होता. त्याला पुढची घरं होती, पण असला तमाशा सोडून कोण जाईल.

मी अण्णांना विचारलं की चूक कळली होती तर बोलला का नाहीत. ते टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"सोमवारी दुपारीच कळलं. हीटर धरायचा राहिला होता," ते म्हणाले. "पण म्हटलं, हा वार चुकला तर पुन्हा मला विचारायला कोण येणार?"

चार माणसं आठवडाभर एकाच घरात कुडकुडत बसली होती, आणि ज्याच्यासाठी कुडकुडत होती तो सगळ्यात जास्त कुडकुडला होता. एवढी माया आणि एवढा मूर्खपणा एका छपराखाली मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

तेवढ्यात डेपोवाल्याने कामाचं विचारलं. जुनी नेली तर आतला गॅस फुकट जाणार, नाही नेली तर रिकामीशिवाय भरलेली देता येत नाही. काय करू? नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. काटा दाराच्या आतच होता. मी तो पायाने आणखी आत सरकवला.

"अण्णा," मी म्हटलं, "ही किती दिवस जाईल?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चेष्टा करत नाही याची खात्री झाल्यावर टाकीजवळ गेले. टकटक केली. सासूबाई न सांगता तांब्याभर कोमट पाणी घेऊन आल्या. अण्णांनी पाणी सोडलं, हात फिरवला, खडूने रेघ मारली, टेप लावली, छताकडे बघितलं. मग वळून विचारलं, "आंघोळी गरम पाण्याच्या धरू की गार?"

"गरम," आम्ही तिघं म्हणालो.

"आणि हीटर?"

"चालू."

"मग शनिवार."

डेपोवाला हसला. त्याच्या लग्नाचा कोट अण्णांनी शिवला होता आणि तो अजून त्याला होतो. त्याने भरलेली टाकी भिंतीशी उभी केली, रिकामी पुढच्या मंगळवारी नेईन म्हणाला आणि गेला.

त्यानंतर आमच्या घरात जी चैन सुरू झाली ती विचारू नका. हीटर सकाळपासून. नवरा इतका वेळ आंघोळ करायचा की बाहेरून दार वाजवावं लागायचं. सासूबाईंनी गोधडी धुऊन वाळत टाकली आणि रस्सा शेगडीवर तासभर रटरटत ठेवला. वजनकाटा पलंगाखाली गेला.

गॅस संपला शुक्रवारी संध्याकाळी. अण्णा डोक्याला साबण लावून गीझरखाली उभे होते. आम्हाला आतून आधी एक मोठा श्वास ऐकू आला, आणि मग अण्णांचा आवाज, "एक दिवसाने चुकलो."

आम्ही हसून हसून बेजार झालो. आतून अण्णाही हसत होते, पाणी बर्फासारखं असूनही. नवऱ्याने धावत जाऊन नवी टाकी जोडली, गीझर पेटला, आणि थोड्या वेळाने अण्णा डोकं पुसत बाहेर आले. गळ्यात टॉवेल होता, टेप राहिली होती. मी ती खुंटीवरून काढून त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, "अण्णा, ही नवी किती दिवस जाईल?"

त्यांनी टेप टॉवेलवरूनच गळ्यात घातली, मागच्या दारी जाऊन ओल्या बोटांनी टाकीवर टकटक केली आणि बराच वेळ छताकडे बघत राहिले. "सांगतो," ते म्हणाले, "पण चुकेल हं कदाचित."

"चुकू दे," सासूबाई म्हणाल्या, आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेल्या.