लाइलची उलटी बंदूक

माझ्या नवऱ्याला बंदुकीचा कारागीर व्हायला एकूण तेरा दिवस लागले. तेरा दिवस त्याने फोनवर व्हिडिओ बघितले आणि चौदाव्या दिवशी गॅरेजला आतून कडी लावली. लाइलने आयुष्यात दुरुस्त केलेली एकमेव वस्तू म्हणजे आमचा टोस्टर, आणि तो अजूनही ब्रेड छताच्या दिशेने फेकतो.

बंदूक त्याच्या वडिलांची होती. त्यांना आख्खं गाव पॅप म्हणतं. मर्ल हे त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर येतं. बंदूक जुनी, पंपाची. पुढची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं आत जातं. आमच्या पेनसिल्व्हेनियात हरणामागे आपोआप भरणारी बंदूक न्यायला बंदी आहे, त्यामुळे या डोंगरांत घरटी एक तरी पंप सापडतोच. पॅपनी ती लग्नाच्या वर्षी घेतली. सासूबाई म्हणायच्या, त्या वर्षी यांनी दोन गोष्टी घरात आणल्या आणि तेल फक्त एकीला घातलं.

ती बंदूक पॅपनी लाइलला का दिली, हे सांगायला हवं. आमच्या कॅम्पवर, म्हणजे डोंगरावरच्या पत्र्याच्या खोलीत, एक नियम आहे. ज्याची गोळी हरणाला चुकली त्याच्या शर्टाची शेपटी, म्हणजे पाठीमागचा खालचा तुकडा, कापायची, तिच्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर ठोकायची. भिंतीवर अशा शेपट्या दाटीवाटीने लटकल्या आहेत. माझ्या दोन, लाइलच्या नऊ. पॅपची साठ वर्षांत एकही नव्हती. कात्री त्यांच्याच ताब्यात असायची आणि दुसऱ्याचा शर्ट कापताना त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख दिसायचं ते आम्हाला त्यांच्या नातवंडांच्या बारशालाही दिसलं नव्हतं.

गेल्या हंगामात एक नर हरीण चाळीस पावलांवर आडवं उभं राहिलं आणि पॅपची गोळी शेजारच्या झाडात शिरली. संध्याकाळी शेपटी कापून घेताना ते हसले. घरी आल्यावर बंदूक लाइलच्या हातात दिली, म्हणाले, "घे. माझं झालं." कॅम्पवरचा शेकोटीजवळचा खालचा पलंग त्यांनी शेजारच्या बर्डेटला देऊन टाकला. त्यानंतर वर्षभर ते आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून होते. शिकार हा या माणसाचा छंद नव्हता. त्यांचं कॅलेंडरच ते होतं. आता त्यांना तारीख विचारली तर सांगता यायची नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी त्यांना नेलं होतं. उजव्या डोळ्याची मधली नजर गेली होती आणि परत येणार नव्हती. डावा डोळा ठणठणीत होता. गाडीत बसताना पॅप म्हणाले, "रोव्हीना, हे लाइलला कळलं तर मी तुझ्या हातचं जेवणार नाही." मला ते बक्षीसच वाटलं, पण शब्द दिला.

तर लाइल गॅरेजात. त्याचं म्हणणं, तो ही बंदूक 'कमी खर्चात' नवी करणार होता. कमी खर्चात म्हणजे माझ्या सामानात, हे मला हळूहळू कळलं. आधी बागेत गुडघ्याखाली घ्यायची माझी रबराची गादी गेली. तिचा तुकडा बंदुकीच्या खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याला मागून चिकटला, धक्का कमी बसावा म्हणून. मग माझी भडक नारिंगी नेलपॉलिश गेली. ती नळीच्या टोकावरच्या बारीक माशीला लागली, नेम धरताना चटकन दिसावी म्हणून. मग माझी तपकिरी पर्स गेली. ती चामड्याची पर्स मला माझ्या बहिणीने दिली होती. तिचं चामडं दस्त्याच्या बाजूला गालगादी होऊन बसलं.

"तुझं एखादं सामान घेतलंस की नाही?" मी विचारलं.

"माझ्याकडे चांगलं काही नाही," लाइल म्हणाला, आणि हे मात्र खरं होतं.

पण खरी मजा मला त्या गालगादीत दिसली. नेम धरताना उजव्या हाताच्या माणसाचा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकतो. लाइलने गादी लावली होती उजव्या अंगाला. चुकून गोळी सुटू नये म्हणून घोड्याजवळ जे खटक्याचं बटण असतं, तेही त्याने जुन्या बाजारातून भाग आणून उलट्या बाजूने बसवलं होतं.

मला एवढंच पुरे होतं. रविवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पॅनकेकचा नाश्ता असतो, तिथे मी हे सगळं बर्डेटच्या टेबलावर वाढलं. "व्हिडिओ आरशात बघितला असणार," मी म्हणाले. "नशीब नळी तरी पुढे ठेवली." बर्डेटच्या नाकातून कॉफी आली. लाइल खाली मान घालून पॅनकेकवर सिरप ओतत राहिला. पॅप त्याच टेबलावर होते. कित्येक महिन्यांनी ते हसले आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग पॅप म्हणाले, "लाइल, ते खेळणं कॅम्पवर आणू नकोस. भिंतीवर माझं नाव आधीच आहे, आणखी शोभा नको."

लाइलने मान वर केली. बत्तीस वर्षांच्या संसारात मी त्या चेहऱ्याला बरंच काही ऐकवलंय आणि तो कधी हललेला नाही. त्या दिवशी हलला.

घरी आल्यावर मी गॅरेजात गेले. लाइल बाकावर बसून बंदुकीकडे बघत होता.

"त्यांचा डोळा गेलाय, रो," तो म्हणाला. "उजवा. घड्याळ बघताना मान वाकडी करतात. गेल्या हिवाळ्यापासून."

मी बंदुकीकडे पुन्हा बघितलं. गालगादी उजव्या अंगाला, बटण उलटं, माशी नारिंगी. आख्खी बंदूक डाव्या खांद्यासाठी बांधलेली होती आणि डॉक्टरकडे स्वतः गाडी घेऊन गेलेल्या मला ते दिसलं नव्हतं. नजर नेमकी कोणाची गेली होती देव जाणे.

"मला सांगायचंस ना," मी म्हणाले.

"तू सांगितलंस?"

मी बाकावरच्या डिंकाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"नवी डाव्या हाताची घेऊन दिली असती," लाइल म्हणाला, "पण आपली ऐपत नाही, आणि असती तरी दया केली म्हणून त्यांनी हात लावला नसता. वाटलं, हीच इथे पडलेली दिसली तर घेतील. आता कशाला घेतायत?"

ते आता माझ्यामुळे घेणार नव्हते, हे तो बोलला नाही. मला फार लाज वाटली. माफी मागायची मला सवय नाही. जे येतं तेच करायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पॅप खिडकीत बसले होते. मी बंदूक आणून स्वयंपाकघराच्या टेबलावर आपटली.

"पॅप, तुमच्या पोराला अक्कल शिकवा. म्हणतो, अशीच बरोबर आहे."

"त्याची अक्कल त्याच्या आईवर गेली."

"मग दाखवा ना बंदूक कशी धरतात ते. की विसरलात? वर्ष झालं म्हणा, माणूस विसरायचाच."

पॅपनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरी सून असती तर माहेरी गेली असती. ते उठले. बंदूक उचलून आधी मूठ मागे ओढली, आत काडतूस नाही ना ते बोटाने चाचपलं. मग उजव्या खांद्याला लावली. गाल लाकडावर टेकला. खिडकीतून दिसणाऱ्या बर्डेटच्या टपालपेटीवर त्यांनी नेम धरला आणि नळी इकडून तिकडे भटकू लागली. त्यांना माशी सापडत नव्हती. मी सिंकमधलं भांडं घासायला घेतलं, आधीच घासलेलं.

भांडं मी दोनदा विसळलं. मी वळून बघितलं तर बंदूक डाव्या खांद्यावर होती. गाल माझ्या पर्सवर टेकला होता. नळी हलत नव्हती.

पॅपनी टपालपेटीवर पुन्हा नेम धरला. मग बंदूक खाली घेतली, दस्त्यावरून अंगठा फिरवला आणि बटण दोनदा दाबून बघितलं.

"लाइलला कळलंय," ते म्हणाले.

"मी नाही सांगितलं."

"तू सांगितलं असतंस तर हॉलमध्ये सगळ्यांना कळलं असतं." ते खुर्चीत बसले. बंदूक मांडीवरच होती. "काम गचाळ केलंय. डिंक बाहेर आलाय बघ."

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी हंगाम उघडतो. आदल्या संध्याकाळी पॅप आपणहून आमच्या ट्रकमध्ये येऊन बसले. कॅम्पवर बर्डेटने आपली पिशवी उचलून खालचा पलंग रिकामा केला. सणाच्या टर्कीच्या उरलेल्या मांसावर आणि बीटात मुरवलेल्या अंड्यांवर सगळे तुटून पडले आणि बंदुकीविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. मी सगळ्यांना फोन करून दम दिला होता.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास पॅपच्या बाजूने गोळीचा आवाज आला. लगेच दुसरा. इतक्या पटकन पंप तेच मारतात. लाइल माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होता; तो टोपी काढून उभा राहिलेला मला झाडांतून दिसला.

आम्ही कॅम्पवर पोचलो तेव्हा पॅप उतारावरून येत होते. एकटेच, हात रिकामे, बंदूक डाव्या खांद्यावर.

"कुठंय?" बर्डेटने विचारलं.

"आत्तापर्यंत न्यूयॉर्कच्या हद्दीत पोचलं असेल."

बर्डेट बुटाकडे बघू लागला. लाइलचा चेहरा पडला. आणि मग आमच्यातल्या कोणा भल्या माणसाला सुचलं ते असं: "जाऊ दे पॅप, यंदा शेपटी नको कापूया."

पॅपनी बंदूक रिकामी करून खुंटीला लावली. जाकीट काढलं. आमच्याकडे पाठ केली आणि पँटमधून शर्ट स्वतःच ओढून बाहेर काढला.

"कात्रीला गंज चढलाय का?" ते म्हणाले. "मी शिकार करून आलोय. आजारपणातून उठून नाही."

तेव्हा मला कळलं. खिडकीत बसलेल्या माणसाची शेपटी कोणी कापत नाही. मी कात्री उचलली आणि चांगली वीतभर कापली. माझे डोळे भरले होते म्हणून कडा वाकडी गेली, आणि त्यावरूनही त्यांनी ऐकवलं.

"लिही," पॅप म्हणाले. "मर्ल हॅस्किन्स. डावा खांदा. पहिलं वर्ष."

बर्डेटने ती पॅपच्या गेल्या वर्षीच्या शेपटीच्या शेजारी ठोकली. पॅप टेबलाशी बसले, अंड्यांची बरणी पुढे ओढली.

"लाइल, दस्ता अर्धा इंच लांब आहे. पुढच्या वर्षाच्या आत काप."

"कापतो."

"आणि ते चामडं बदल. बायकांच्या अत्तराचा वास येतो. हरीण त्यानेच बुजलं."

हरीण वाऱ्याच्या कोणत्या बाजूला होतं हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. माझ्याकडे अजून एक पर्स आहे, काळी, चर्चला नेते ती. घरी गेल्यावर मी ती रिकामी केली आणि गॅरेजच्या बाकावर ठेवून आले.