दोन चौकोनांची सवत

सवत माणूसच असावी लागते असं थोडंच आहे? माझी सवत कॅनव्हासची आहे. पांढऱ्या रंगावर दोन राखाडी चौकोन, मध्ये बोटभर फट. बस्स, एवढंच तिचं रूप. कुणा कोरियन चित्रकर्तीनं काढलेली. शिकागोच्या आर्ट गॅलरीतून शॉमबर्गच्या आमच्या घरापर्यंत गाडी मी चालवली आणि माझा नवरा, निमिष, तिला नवसाच्या पोरासारखं धरून मागच्या सीटवर बसला. घरी आल्या आल्या आमचा लग्नाचा फोटो उतरवला आणि त्या जागी तिला लावलं.

तेव्हापासून ऑफिसहून आला की चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसतो. पूर्वी हाच चहा आम्ही ओट्याशी उभं राहून, आपापल्या मॅनेजरच्या कागाळ्या करत प्यायचो.

"काय बघतोस रे एवढं?" एकदा मी विचारलंच.

"ती फट बघ, उल्का. किती लेयर्स दिलेत, घासलेत, परत दिलेत. जरा जरी हललं ना, तर सगळा बॅलन्स जाईल यार."

असं तो माझ्याबद्दल कधी बोलला होता? बोलला होता, म्हणून तर अंगाचा तिळपापड झाला. लग्नानंतर नवं नवं असताना माझी टिकली तिरकी दिसली की भर रस्त्यात थांबवून बोटानं सरळ करायचा. "आता बॅलन्स झाला," म्हणायचा.

शुक्रवारी मी वर्क फ्रॉम होम करत होते. त्याची गाडी गॅरेजमध्ये शिरली तशी मी कपाळावरची लाल टिकली काढली आणि आपण आरशाला लावतो तशी सवतीच्या कोपऱ्यात चिकटवली. बघू या म्हटलं, आधी कोण दिसतं.

बूटसुद्धा काढले नाहीत त्यानं. दारातूनच ओरडला, "उल्का! हे काय केलंस?"

"कुठे काय?" मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. कपाळ मोकळं, केसही मागे बांधलेले.

माझ्या खांद्यावरून बघत तो तिच्यापाशी गेला. रंगाला धक्का न लावता, नखानं हळूच टिकली सोडवली. वाकून वाकून पाहिलं. "डाग नाही पडला, थँक गॉड."

मग टिकली बोटाच्या टोकावर घेऊन वळला. माझा राग कुठल्या कुठे पळाला. जुन्या सवयीनं मी चेहरा जरा वर केला.

तो माझ्या बाजूनं पुढे गेला आणि टिकली बाथरूमच्या आरशाला लावून आला. अगदी सरळ, मधोमध.