घरी काय सांगते

प्रेमाने दाराची साखळी न काढता फटीतून आधी माणसाचे बूट पाहिले. काळे, नुकते पॉलिश केलेले. जोगेश्वरीतल्या या चाळवजा सोसायटीत भर दुपारी बूट घालून येणारा माणूस एकतर विमा विकायला येतो, नाहीतर नोटीस चिकटवायला. याच्या बगलेत फक्त एक पातळ फाईल होती.

“निधी घाडी इथेच राहतात ना? त्यांच्या कंपनीच्या कामासाठी थोडी माहिती हवी होती,” तो म्हणाला. त्याने एक ओळखपत्र फटीसमोर धरलं आणि तिचा चष्मा सापडायच्या आत खिशात घातलं.

कंपनीचं काम म्हणे! प्रेमा काही आज जन्मली नव्हती. तिच्या स्वतःच्या लग्नाआधी नवऱ्याचे काका गणपतीची वर्गणी मागायचं निमित्त करून कणकवलीच्या घरी आले होते आणि पाणी पिऊन, तिला डोळे भरून बघून गेले होते. लेकीची चौकशी करायला मुलाकडची शहाणी माणसं उघड येतात थोडीच? आणि हा तर आधी शेजारच्या चंपाला विचारून आला होता. मुलगी कशी आहे, घरी कोण येतं-जातं, काही व्यसन तर नाही ना, हे सगळं प्रेमाने भिंतीला कान लावून ऐकलं होतं. व्यसनाचं ऐकल्यावर तर तिची खात्रीच पटली.

तिने साखळी काढली, पंखा वाढवला, कोकम सरबत केलं. माणूस सभ्य होता, पण त्याची नजर घरभर फिरत होती. नातेवाईक कोण, परदेशात कोणी आहे का, मित्रमंडळी कशी, सगळं त्याने विचारलं आणि तिने हातचं न राखता सांगितलं. मग तो म्हणाला,

“घरी कामाबद्दल काही बोलतात का?”

इथे प्रेमा अडखळली. निधी अंधेरीला एमआयडीसीत जाते आणि मोबाइल ऑफिसच्या दाराशीच जमा करते, यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. काय करतेस विचारलं की कॉम्प्युटरचं काम, एवढंच उत्तर. एकदा बातम्यांत कुठल्याशा शत्रूच्या विमानतळाचा आकाशातून घेतलेला फोटो दाखवत होते, तर पोरीने झटकन चॅनल बदललं आणि पाणी प्यायला उठून गेली. शिकलेल्या मुलीला आपली लाज वाटते, असं प्रेमाने त्या दिवशी मनाशी धरलं होतं. पण हे मुलाकडच्यांना कोण सांगेल? घुमी मुलगी सून म्हणून कोणाला हवी असते?

“बोलते म्हणजे काय, सगळं सांगते,” ती म्हणाली. “जेवताना आम्हा दोघींचं तेच चालतं. माझ्यापासून काही लपवत नाही ती.”

माणसाने सरबत संपवलं, फाईलमध्ये काहीतरी लिहिलं आणि आभार मानून गेला. प्रेमा निरोपाची वाट बघू लागली.

निरोप आला तो निधीच्या ऑफिसात. लष्करासाठी एक नवा उपग्रह वर जाणार होता, ढगांतून आणि काळोखातूनही खालचं टिपणारा. त्याचे फोटो वाचायला कंपनीतून मोजकी माणसं निवडली होती. बंदरात कालपर्यंत नसलेलं जहाज, झाडीत जाळीखाली लपवलेल्या गाड्या, हे ओळखण्यात निधीचा हात धरणारं कोणी नव्हतं. कॉलेजपासून तिला हेच काम हवं होतं. आता साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की तिचं नाव थांबवलंय, गुप्त कामाची ती बाहेर चर्चा करते असा अहवाल आहे. फेरतपासणी होईपर्यंत आतल्या खोलीचं दार तिच्या कार्डाने उघडणार नव्हतं.

तिचा संशय थेट सोबत काम करणाऱ्या अनिरुद्धवर गेला. तिची जागा रिकामी झाली तर ती त्यालाच मिळणार होती. इतके दिवस दोघं एका टेबलावर डबा खात होते, आता ती पाठ करून बसायला लागली. तो कोणाशी फोनवर हळू बोलला तरी तिला त्यात आपलंच नाव ऐकू यायचं. शेवटी तिने त्याला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

“तूच काहीतरी सांगितलंस ना रे?”

“डोकं फिरलंय का तुझं? तपासणीवाले घरी येऊन विचारतात, यार. माझ्या बायकोला पण विचारलं. तुझ्या घरी कोण होतं?”

घरी पोचल्यावर तिने विचारायच्या आधीच प्रेमाने हौसेने सांगितलं की एक स्थळ बघून गेलंय, माणसं चांगली वाटतात, बूट एकदम चकचकीत. “ते स्थळ नव्हतं, माझी तपासणी होती,” निधी म्हणाली. सांगता येण्यासारखं होतं तेवढं तिने आईला सांगितलं.

“पण मी तुला कधी काय सांगितलंय, आई? मग तू असं का बोललीस?”

प्रेमा नारळ खवत राहिली. “लोकांना काय सांगू मग?” ती म्हणाली.

फेरतपासणीला तोच माणूस आला. आईला काहीही पढवायचं नाही, हे निधीने पक्कं ठरवलं होतं. खरं ते सांग, एवढंच ती म्हणाली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. माणसाने तोच प्रश्न विचारला.

प्रेमाने एकदा मुलीकडे पाहिलं.

“माका काय एक सांगणा नाय ती,” ती म्हणाली. “आज नाय, आधी पण कधी नाय. कामाचं सोडा. का जेवली नाय, कशाला रडली, ते पण नाय. मी आता विचारायचंच सोडलंय.”

“उत्तम,” माणूस समाधानाने म्हणाला. “एवढंच हवं होतं.”

निधीला हवं ते मिळालं आणि तिला ते घ्यावंसं वाटेना. पण तिने घेतलं. पुढच्या आठवड्यात तिच्या कार्डाने आतलं दार उघडलं, अनिरुद्धने पेढे मागितले, आणि एव्हाना वर गेलेल्या नव्या उपग्रहाचा पहिला फोटो तिच्या पडद्यावर आला.

त्या संध्याकाळी ती लवकर घरी गेली. जेवताना ती सारखी आईच्या तोंडाकडे बघत होती. सांगता आलं नसतंच, तरी आईने विचारावं असं तिला फार वाटत होतं. प्रेमाने भात वाढला, सोलकढी वाढली, आणि काही विचारलं नाही.