पोस्टमास्तरांचा गुडघा

"श्वास रोखून धर," असं त्याने बायकोला दवाखान्यातल्या कोरड्या आवाजात सांगितलं आणि बटण दाबलं. एक्सरे काढणं हा त्याचा धंदाच होता. फिल्म धुऊन दिव्यासमोर लावली, आणि डॉक्टरांच्या आधी त्यालाच कळलं. उजव्या फुप्फुसावर डाग होता. तो आतच उभा राहिला. शेवटी पलीकडून ती म्हणाली, "अहो, आता सोडू का श्वास?"

ती वारल्यावर ती फिल्म त्याने गादीखाली सरकवली. दुखण्यात मदतीला आलेल्या सासूबाई तिथेच राहिल्या. लेकीचा तो छातीचा फोटो एकदा दाखवा, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं होतं. सापडत नाही, असं त्याने दोन्ही वेळा सांगितलं.

सूर्यग्रहणाच्या सकाळी अख्खी इमारत त्याच्या दारात आली. एक्सरेवाला म्हणजे ग्रहणातला तज्ज्ञ, असा सगळ्यांचा समज. शिंपी सासऱ्याचा जबडा घेऊन आला होता, पोस्टमास्तर स्वतःचा गुडघा. फिल्ममधून सूर्य बघायचा नाही, त्याने समजावलं. डोळा आतून भाजतो आणि तेव्हा दुखतही नाही. गुडघा नि जबडा एकावर एक धरले तर चालेल का, असं पोस्टमास्तरांनी विचारून पाहिलं. त्याने सगळ्यांच्या फिल्म काढून घेतल्या, टेबलावर टाकल्या आणि पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून दिलं. सूर्याकडे पाठ करायची, भोकातून येणारं ऊन भिंतीवर पडू द्यायचं. भिंतीवरच सूर्याची कोर दिसते. शिंप्याने अंगणात जाताच भोकाला डोळा लावला. शिंपिणीने त्याला कान धरून भिंतीकडे वळवलं.

सगळ्यांना मार्गी लावून तो वर आला, तर सासूबाई खिडकीशी फिल्म धरून उभ्या.

"आई, सूर्याकडे बघू नका."

"सूर्य कोणाला बघायचाय? या खिडकीत ऊन कधी येतं?" त्या हाडावरून बोट फिरवत होत्या. "टेबलावर ठेवलीत, बरं केलंत. किती वाळली होती हो पोर."

त्याने जवळ जाऊन पाहिलं.

"आई, तो पोस्टमास्तरांचा गुडघा आहे."

सासूबाई गुडघ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचं पोट हलायला लागलं. त्यालाही आवरेना. हसता हसता त्या खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मग माझी कुठाय?"

त्याने गादी उचलली.

बाहेर उजेड मंदावला. खालून शिंपी हाका मारत होता, पण कोणीच गेलं नाही. त्याने फिल्म काचेवर धरली आणि बोटाने एकेक दाखवलं. ही गळ्याची हाडं, या फासळ्या, हे काळीज.

"एवढंसंच?"

"मुठीएवढंच असतं."

"भांडायची मात्र केवढी."

तो हो म्हणाला. त्याचं बोट काळजावरच थांबलं. बाहेर पुन्हा लख्ख उजेड झाला, माणसं आपापला गुडघा नि जबडा न्यायला जिना चढू लागली.

उजवी बाजू दाखवायची अजून राहिली आहे.